आप्पांनी शिकवलेले प्रश्न

कोल्हापूरच्या स्टेशनवर मला कुणीच "कुठं चाललीस?" म्हणून विचारलं नाही. निघालेल्या माणसाला 'कुठं' म्हणू नये, अपशकुन होतो. निम्मी गल्ली पोचवायला आली होती आणि सगळे गप्प. आमची गल्ली गप्प म्हणजे आक्रीतच! स्वातंत्र्याला चार-पाच वर्षं झाली होती. ह्यांना लंडनजवळच्या कारखान्यात नोकरी लागली होती. गाडी हलताना माझे वडील, आप्पा, तेवढे बोलले, "तिकडं मुकी बसू नगंस. विचारत जा. विचारल्याबिगर कोण सांगतंय?"

आप्पा शाहूपुरीतल्या एका शाळेत इंग्रजी शिकवायचे. मला जेवतानाही सोडत नसत. मराठीत सूर चढवला की झाला प्रश्न. इंग्रजीत आधी मदतीचं क्रियापद, मग कर्ता. मी चुकले की ते हसत माझं ताट ओढून घ्यायचे.

विलायतेत मी विचारायला लागले. कुंपणापलीकडच्या शेजारणीला म्हटलं, "हॅव यू एनी चिल्ड्रन?" ती नाही म्हणाली. मग मी आपल्याकडच्यासारखं पुढं विचारलं, "व्हाय हॅव यू नो चिल्ड्रन?" बाई लाल झाली आणि दार लावून आत गेली. मला वाटलं, व्याकरण चुकलं. आप्पांना पत्र टाकलं. त्यांचं उत्तर आलं, "वाक्य बरोबर हाय. बाईला कमी ऐकू येत असंल. पुन्यांदा विचार." ह्यांनी मात्र डोक्याला हात लावला. तेव्हापासून मी हवापाण्याखेरीज काही विचारलं नाही.

दुसऱ्या हिवाळ्यात आप्पा गेल्याची तार आली. शेजारीण फुलं घेऊन आली, "सॉरी" म्हणाली. मी दार धरून उभी राहिले. तिनं विचारावं, कसं झालं, काय करायचे, तुझ्यावर जीव होता का. विचारलं असतं तर मी सगळं सांगितलं असतं. तिनं माझा हात दाबला आणि गेली. भली बाई होती. पण त्या देशात मला आप्पांबद्दल रडताच आलं नाही.

तुमच्यातले जे असेच बाहेर गेलेत, त्यांना हे सांगायला नको.

दोन वर्षांनी कोल्हापूरला आले, ते पोटभर रडायचं ठरवूनच. आईला विचारलं, "आप्पा शेवटी काय म्हणाले गं?" आई म्हणाली, "सांगून सांगून थकले बाई. गल्ली यायची, कागलची भावकी यायची, रोज तेच. आता नगं." तिचं दुःख विचारणाऱ्यांनी वाटून नेलं होतं. माझं तसंच राहिलं होतं, आणि ते आता कुणाला नवं नव्हतं.

तिनं मला पाट मांडला, तांबडा रस्सा वाढला, समोर बसली. माझ्या तोंडावरून हात फिरवला. मग घरी आलेल्या पावण्याला विचारावं तसं तिनं विचारलं,

"परत कवा जाणार?"

मी बोटीची तारीख सांगितली.