तिनं बोट ठेवलेला चेहरा

नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षी आमची ड्युटी मतिमंद बायकांच्या दवाखान्यात लागली. मी वर्गात पहिली येणारी, तोंडाची फटकळ, आणि आपल्याला सगळं येतं असा भारी तोरा. पेशंटला किती दुखतं ते मोजायला एक तक्ता दिला होता. ओळीनं सहा चेहरे, पहिला हसरा, शेवटचा रडका. पेशंटनं बोट ठेवायचं, आपण आकडा लिहायचा.

माझ्याकडे पंचविशीतली एक पोरगी होती. तिला बोलता येत नव्हतं. सोमवारी तिनं ताट ढकललं आणि गुडघे पोटाशी घेऊन पडून राहिली. मी तक्ता धरला. तिनं हसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवलं आणि त्याला कुरवाळत बसली. मी शून्य लिहिलं. मंगळवारी पुन्हा शून्य. मोठ्या सिस्टरला विचारलं, तर म्हणाल्या, "नाटकं असतात वं या बायकायची. लक्ष नको देऊ." मलाही तेच ऐकायचं होतं.

अगं मूर्ख बाई, तिला ते चित्र आवडलं होतं! दुसरं काही नाही. एवढं साधं मला कळू नये?

बुधवारी सकाळी पोट लाकडासारखं टणक, अंग तापलेलं. मग पळापळ. मोठ्या दवाखान्यात डॉक्टर माझ्यावर खेकसले, "अपेंडिक्स फुटलंय, इतका उशीर?" ऑपरेशन झालं, पण दुपारी ती गेली.

तिची आई पिंपळगाव राजा या गावाहून दोन एसट्या बदलून आली. रडली नाही. बाकावर माझ्याशेजारी बसली आणि माझा हात धरला.

"सिस्टरबाई, एक सांगा मले. माह्या पोरीले दुखलं का ती चादर चावते. लहानपणापासून. मले तेवढ्यावरून समजते. तसं केलं काय वो तिनं?"

दवाखान्यात भरती करताना हे तिला कोणी विचारलंच नव्हतं. दोन दिवस त्या पोरीच्या चादरीचा कोपरा ओला होता. मी तो तिच्या तोंडातून तीनदा ओढून काढला होता. तिसऱ्यांदा बोटांवर चापट मारली होती, घाणेरडी सवय म्हणून. मला तिथल्या तिथं मरून जावंसं वाटलं.

"नाही काकू," मी म्हणाले. "शांत पडून होती ती."

"मंग बरं झालं माय," ती म्हणाली, आणि माझ्याच गळ्यात पडून तिनं हंबरडा फोडला.