पदरचा एक हात

काळेवाडीत किसनला नावानं कुणी ओळखत नाही. त्याला सगळे 'कामून' म्हणतात. माणूस केजकडचा. तिकडे 'का' असं विचारायचं झालं तर 'कामून' म्हणतात, आणि किसनच्या तोंडून दिवसाकाठी शंभरदा तोच शब्द बाहेर पडतो. चाकणच्या एका कंपनीच्या पेंट शॉपमध्ये तो सतरा वर्षं होता. प्रायमर करडाच कामून, भट्टी एवढीच तापवायची कामून, असं विचारून विचारून त्यानं सुपरवायझरला बेजार केलं होतं. त्या बिचाऱ्यानं दोन वर्षं उत्तरं दिली आणि मग स्वतःचीच शिफ्ट बदलून घेतली. पुढं रंग मारायला रोबो आले. रोबोंना प्रश्न पडत नाहीत, त्यामुळं ते कंपनीला फारच आवडले, आणि किसननं काळेवाडीत बायकोच्या पिठाच्या गिरणीला लागून गाड्या रंगवायचं दुकान टाकलं.

दुकान चाललं ते त्याच्या तळहातामुळं. डोळे मिटून गाडीच्या दारावरून हात फिरवला की हे दार पूर्वी कुठं ठोकलंय ते तो सांगायचा. आणि त्याची एक रीत होती. पहिल्या उस्तादानं त्याला शिकवलं होतं, 'गिऱ्हाइकानं सांगितलेले रंगाचे हात गिऱ्हाइकाचे. वर एक हात आपल्या पदरचा द्यायचा, आणि तो बोलून दाखवायचा नाही.' दुकान टाकल्यापासून किसननं ती रीत एकदाही मोडली नव्हती. लोक म्हणायचे, कामूनची गाडी पाच वर्षांनीही नवी दिसते. तो मिशीत हसायचा, बोलायचा नाही.

विजयश्री मॅडम त्याच्याकडे आल्या त्या गाडीचं चेपलेलं दार घेऊन. पन्नाशीच्या, उन्हानं रापलेल्या, मोजकं बोलणाऱ्या. दार घेऊन गेल्या आणि आठवड्यानं परत आल्या.

"किसनभाऊ, ग्लायडर रंगवाल का?"

"म्हंजी काय?"

"इंजिन नसलेलं विमान. आमच्या क्लबचं आहे. मी ते उडवते, आणि त्याच्या दुरुस्तीवर सहीही माझीच असते."

"इंजिन न्हाई? मग वर राहतं कामून?"

मॅडमनी उत्तर द्यायला घेतलं आणि तिथंच त्या फसल्या. घार पंख न हलवता वर कशी चढते इथपासून सुरुवात झाली. तासाभरानं त्याच्या बायकोनं, शालनबाईंनी, गिरणी बंद करून चहा आणला तेव्हा किसन दुकानाच्या फरशीवर खडूनं गरम हवेचे बाण काढत बसला होता.

ग्लायडरचे पंख काढून वेगळे ठेवता येतात, पण एकेक पंख काळेवाडीच्या गल्लीत मावेना. मग चऱ्होलीत सोनबांचं बंद पडलेलं मंगल कार्यालय भाड्यानं घेतलं. सोनबा जुने गावकरी. जमिनीवर सोसायट्या उभ्या राहिल्या, तेव्हापासून खुर्ची टाकून जगाची गंमत बघत बसलेले. वऱ्हाडी जेवायचे तिथं पंख मांडले आणि नवरानवरीच्या स्टेजवर शेपटीचे भाग ठेवले. सोनबा म्हणाले, "आमी इथं चारशे लग्नं लावली. पर असली पांढरीफटक नवरी न्हाई बघितली."

जुना रंग तडकला होता. वर कोणता द्यायचा हे ठरवायचं होतं, आणि मॅडमनी ते किसनवर सोपवलं. "रंग पांढराच. तो कशा पद्धतीचा द्यायचा ते मात्र तुम्ही बघून मला सांगा."

"पांढराच कामून?" किसनच्या मनात गडद निळा मेटॅलिक होता. आभाळात तो काय खुलला असता!

मॅडमनी फायबरच्या तीन फळ्या दिल्या. त्यानं एक पांढरी रंगवली, एक बदामी, एक निळी. दोन टोकांना विटा लावून फळ्या कार्यालयाच्या गच्चीवर ठेवल्या आणि मधोमध एकेक जड दगड ठेवला. वैशाखातलं ऊन होतं. दुपारी दोन वाजता पांढऱ्या फळीवर त्याला हात ठेवता आला. बदामीवरून पटकन उचलावा लागला. निळी तर दगडाखाली जराशी वाकलीच होती. किसन बराच वेळ उकिडवा बसून त्या वाकलेल्या फळीकडे बघत राहिला. आपला आवडता रंग बाद झाला याचं त्याला वाईट वाटलं नाही. उलट एखादी लबाडी पकडल्यासारखा तो खूश होता. खाली येऊन सोनबांना म्हणाला, "उन्हानं फायबर मऊ पडतंय. पांढराच पाहिजे."

मग पद्धत. एक होता जेलकोट, जाड आणि जड. मूळचा रंग तोच होता. दुसरा दोन डब्यांतलं मिश्रण करून फवारायचा गाड्यांचा रंग. पातळ, हलका आणि फवाऱ्याच्या बंदुकीतून निघतानाच चकाकणारा. किसननं दोन्हींच्या फळ्या केल्या, वाळवल्या, घासल्या आणि शालनबाईंच्या गिरणीच्या काट्यावर तोलल्या. जेलकोटची फळी बरीच भारी भरली. त्यानं दुसरा निवडला. वर चकाकीसाठी लॅकर, म्हणजे पारदर्शक थर, द्यायचं का, असं त्यानं विचारलं. मॅडम म्हणाल्या, "हवेला चकाकी दिसत नाही. तिला लागतं ते सपाटपण. बोटाला लहर लागली तर हवेलाही लागते."

हे ऐकून किसन हरखला. आजवर त्याच्या तळहाताचं कौतुक माणसांनी केलं होतं. आता हवाही त्याच हातानं तपासते म्हटल्यावर तो पंखावरून डोळे मिटून हात फिरवी आणि इंचाइंचानं लहरी काढी.

एका गोष्टीत मॅडम फार कडक होत्या. पंखाच्या आणि शेपटीच्या हलणाऱ्या भागांचं वजन प्रत्येक हातानंतर करायचं आणि वहीत लिहायचं. त्यासाठी किसन गिरणीचा काटा चऱ्होलीत घेऊन यायचा. शेपटीचं सुकाणू म्हणजे उभा पडदा, विमानाचं तोंड वळवणारा. त्याची हद्द चार किलो सहाशे ग्रॅम. शनिवारी मॅडमनी स्वतः ते तोललं. चार किलो पाचशे साठ. त्यांनी वहीत बरोबरची खूण केली आणि सोमवारी ट्रेलर आणते म्हणून गेल्या.

रविवारी किसन एकटाच होता. काम संपलं होतं आणि मन भरलं नव्हतं. सुकाणूवर क्लबचा निळा आकडा होता, तो त्याला फिका वाटला. अख्ख्या विमानावर आपल्या पदरचं काहीच नाही, हे त्याला टोचत होतं. त्यानं बंदूक भरली आणि सुकाणूच्या दोन्ही बाजूंना लॅकरचा एक हात दिला. एका हाताचं वजन ते किती असणार! शंभर प्रश्न विचारणाऱ्या माणसानं नेमका हा एक विचारला नाही.

सोमवारी मॅडम आल्या. पंख ट्रेलरवर चढले. "शेपूट काय सुंदर दिसतंय हो," त्या म्हणाल्या. किसन मिशीत हसला. सुकाणू गोधडीत गुंडाळता गुंडाळता त्यानं सहज विचारलं, "मॅडम, पंखाला एवढं न्हाई, मग ह्या बारक्या भागाच्या वजनाला तुम्ही एवढं जपता कामून?"

"तो पत्रा बघा," मॅडमनी समोरच्या गोठ्याकडे बोट केलं. पत्र्याचा एक खिळा निघाला होता आणि वाऱ्यानं तो थडाथडा आपटत होता. "सुकाणू बिजागरीवर झुलतं. बिजागरीमागं भार वाढला तर वेगात असताना ते असंच फडफडायला लागतं. पत्रा दिवसभर आपटेल. विमानाची शेपटी दोन-चार सेकंदांत तुटते."

"आत कोण बसणार?"

"मी. आणि मैत्री नावाची एक शिकाऊ मुलगी आहे, एकोणीस वर्षांची. या रविवारी."

किसनचे हात गोधडीवर थांबले. सांगायचं नाही ही उस्तादाची शिकवण होती, आणि सांगितलं तर इतक्या वर्षांचं नाव मातीत जाणार होतं. त्यानं गोधडी सोडली.

"मॅडम, ट्रेलर थांबवा. ह्याच्यावर एक हात जास्तीचा हाय."

मॅडमना आधी कळेना. कळलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. "मी तपासल्यावर? आणि मला सांगितलंही नाही?"

"पदरचा हात सांगायचा नसतोय, मॅडम."

"माझ्या जिवावर कसला पदर दाखवता?" त्या इतक्या जोरात बोलल्या की सोनबा खुर्चीतून उठले.

काट्यावर सुकाणू चार किलो सहाशे ऐंशी भरलं. मॅडम स्टेजच्या पायरीवर बसल्या. मग म्हणाल्या, "आता बाकीच्यांवरही माझा विश्वास बसत नाही. सगळे हलणारे भाग उतरवा."

सगळे भाग पुन्हा तोलले. किसनला असं मेल्याहून मेल्यासारखं कधी झालं नव्हतं. तेवढ्यात शालनबाई आपला काटा न्यायला आल्या. गिरणीत लोक खोळंबले होते. काय झालं ते त्यांनी ऐकून घेतलं आणि नवऱ्याला म्हणाल्या, "किलोभर मागितलं तर मी किलोभरच देते. वरचं ओंजळभर टाकायचं तर आधी पिशवी पुढं करा म्हणते. तुम्ही विचारलंच न्हाई."

बाकीचे भाग वहीतल्यासारखेच भरले. मॅडम ट्रेलर रिकामा घेऊन गेल्या.

पुढचे दोन दिवस किसननं ओल्या कागदानं सुकाणू घासलं. स्वतःच दिलेली चकाकी स्वतःच उतरवायची, आणि खालच्या पांढऱ्याला धक्का लावायचा नाही. पांढरं, चिकट पाणी कोपरांवरून ओघळत होतं. मध्येच थांबून तो डोळे मिटून हात फिरवी. आकडा पुन्हा फिका झाला.

गुरुवारी किसननं गिरणीचा काटा पुन्हा मागून आणला. मॅडम आल्या. सुकाणू काट्यावर ठेवलं. चार किलो पाचशे पन्नास. बिजागरीभोवतीचा तोलही त्यांनी मोजला आणि मान हलवली. वहीत आकडा लिहिला, खाली स्वतःची सही केली आणि वही किसनपुढं सरकवली.

"ही ओळ तुमची. वजन करणारा."

कंपनीत सतरा वर्षं त्यानं रंगवलेल्या दारांवर तपासनीसाचा शिक्का बसायचा, त्याचा नाही. दुकानात तर सहीचा प्रश्नच नव्हता. त्यानं पेन घेतलं, टोपण काढलं, त्या रिकाम्या ओळीकडे बघितलं.

"रविवारी ती पोरगी बसणार म्हणालात," तो म्हणाला.

"हो."

किसननं पेन खाली ठेवलं, काट्यावरचं सुकाणू दोन्ही हातांनी उचललं, काटा फडक्यानं पुसून शून्यावर आणला आणि म्हणाला, "थांबा मॅडम. अजून एकदा ठेवून बघू."