उंच हँडल

तंजावूरच्या राजवाड्यामागं त्या तमिळ मेकॅनिकचं दुकान. हँडल बदलायला आलेल्याला तो आधी मोटरसायकलवर बसवतो आणि आमच्या गल्लीत शिकलेल्या मराठीत म्हणतो, "डोळे मिटा, रावजी. हात सैल सोडा." हात जिथं विसावतील, तिथं हँडलच्या मुठी आणतो. माझे पोटाजवळ विसावले. "बरं झालं, पोट वाटेत आलं नाही!" तो हसला. उंच हँडलानं माझी पाठदुखी थांबली.

मुलगा म्हणाला, "अप्पा, हे म्हाताऱ्यांचं हँडल!" लाजून मी म्हणालो, "त्यानंच चुकीचं बसवलं." मुलगा मला घेऊन दुकानी गेला आणि गिऱ्हाइकांदेखत त्याच्यावर ओरडला. मेकॅनिकनं माझ्याकडं पाहिलं. "चुकलं माझं, तंबी," असं धाकट्या भावाला म्हणावं तसं मुलाला म्हणत त्यानं जुनं हँडल परत चढवलं. मी खरं न सांगताच गाडीवर बसलो.

पाठ पुन्हा दुखते. मुलाला देवनागरी येत नाही. हे लिहिलेलं त्याला मीच वाचून दाखवीन, आणि मागं बसवून त्या दुकानी नेईन.