तीन पडले, चार चालले

खेळातून मुलांवर उपचार करण्याचं शास्त्र मी पुण्यात दोन वर्षं शिकले. त्यातला पहिला नियम मला झोपेतही म्हणता येत असे: खेळ मुलाचा असतो, मोठ्याने मागे राहायचं, प्रश्न विचारायचे नाहीत, शिकवायचं नाही आणि जिंकायचं तर नाहीच नाही. यातलं शेवटचं कलम माझ्या प्रकृतीला मानवणारं नव्हतं. गडचांदूरच्या शाळेत पहिलीपासून मी पहिला नंबर कुणाला दिलेला नव्हता.

मूल नावाच्या गावात आमचं उपचार केंद्र एका राईस मिलच्या शेजारी होतं. दुपारपर्यंत बाहुल्यांच्या केसांवर कोंड्याचा थर बसे आणि सगळ्या एकदम म्हाताऱ्या दिसू लागत. फेब्रुवारीच्या सुरुवातीला तिथे सहा वर्षांची एक मुलगी आली. आईवडील मिरची तोडायला तेलंगणात गेलेले, म्हणून सोबत आजोबा. घरी ती आजोबांचं डोकं खाण्याइतकं बोलायची. घराबाहेर एक अक्षर नाही. अंगणवाडीत दोन वर्षांत तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता. गुढीपाडव्याला पहिलीची पटनोंदणी होती आणि गावच्या शाळेचे गुरुजी सांगत होते, पोरीला जिल्ह्याच्या ठिकाणी मूकबधिर मुलांच्या निवासी शाळेत घाला. ती मुकी नाही, हे त्यांना पटवणारा अहवाल मला लिहायचा होता. त्यासाठी एक वाक्य हवं होतं. माझ्या खोलीत तिने आपणहून उच्चारलेलं. ते माझ्यासाठीही हवं होतं. परदेशातल्या पीएच.डी.च्या अर्जाला मला एक यशस्वी केस जोडायची होती.

पहिले तीन आठवडे ती बाहुलीघरासमोर नुसती बसली. आजोबांनी मात्र ते घर बारकाईने तपासलं.

"सोफा हाये, फ्रिज हाये. चूल कुठी हाये, बाई?"

"आबाजी, आपण बोलायचं नाही. तिला खेळू द्यायचं."

"पोरगी खेळून नाई राह्यली. तुमी लिहून राह्यल्या. मी बसून राह्यलो."

निरीक्षण अचूक होतं. मी तेही लिहून घेतलं.

चौथ्या आठवड्यात कंटाळून त्यांनी फरशीवर खडूने पंचवीस घरं आखली, खिशातून फोडलेले चार चिंचोके काढले आणि अष्टचंगा मांडला. जितके चिंचोके पांढरे पडतील तितकी घरं चालायचं. नेमक्या त्या घरात दुसऱ्याची सोंगटी असली तर मारायची. हारजितीचा खेळ इतक्या लवकर काढू नये, असं माझ्या पुस्तकात होतं. पण मुलगी बाहुलीघर सोडून सरकत जवळ आली, म्हणून मीही मांडी घातली.

ती मला हरवू लागली. त्या दिवशी दोनदा, पुढच्या आठवड्यात तिसऱ्यांदा, तोंडातून अवाक्षर न काढता. गप्प राहून जिंकणारा प्रतिस्पर्धी फार उद्धट वाटतो. सहाव्या आठवड्यात तिची शेवटची सोंगटी माझ्यापुढे बरोबर चार घरांवर होती. मी चिंचोके टाकले. तीन पडले. मी चार चालले आणि तिची सोंगटी उचलली.

"तीन पडले," ती म्हणाली. "तू चार चालली."

सहा आठवडे ज्या वाक्याची वाट पाहिली ते समोर आलं, आणि मी उत्तर दिलं, "चारच पडले होते."

"मंग पाह्य नं. एक काळा हाये."

चिंचोके फरशीवर तसेच होते. आजोबांनी आधी नातीला दटावलं, "मॅडमले तू म्हन्ते का वं?" मग माझ्याकडे वळले. "पन तीनच पडले, बाई."

अहवालात मी लिहिलं: 'उपचारकर्तीने नियोजनपूर्वक चुकीची चाल खेळून मुलीस बोलण्यास प्रवृत्त केले.' वाक्य देखणं होतं. अर्जातही शोभलं असतं. पण सहीआधी अहवाल कुटुंबाला वाचून दाखवायचा, असा केंद्राचा दंडक होता.

"म्हनजे तुमी जानूनबुजून खोटं खेळल्या?" आजोबांनी विचारलं.

"हो."

"मंग चिंचोके पाह्यल्यावर तोंड तसं काऊन झालतं तुमचं?"

"जानून नाई केलं," चटईवरून आवाज आला. "मॅडमले हारता येत नाई."

माझं इतकं नेमकं निदान पुण्यातल्या एकाही प्राध्यापकाने केलं नव्हतं. मी 'नियोजनपूर्वक' खोडून तिथे 'हरण्याच्या भीतीने' असं लिहिलं. अर्जातही तेच ठेवलं. तिचं नवं वाक्यही नोंदवलं, कारण पुरावा म्हणून ते पहिल्याहून सरस होतं. शेवटी गुरुजींसाठी शिफारस जोडली: हिला प्रश्न विचारू नका. काहीतरी चुकीचं बोला आणि थांबा.

पाडव्याला मी त्यांच्यासोबत शाळेत गेले. गुरुजींनी अहवाल दोनदा वाचला, दोन्ही वेळा एकाच ओळीवर थबकून माझ्याकडे पाहिलं आणि रजिस्टर उघडलं.

"वय आठ," ते मोठ्याने म्हणाले.

मुलगी उंबऱ्याकडे पाहत होती. आजोबांनी तोंड उघडलं. मी त्यांचा दंड धरला. गुरुजींनी सावकाश पेनचं टोपण काढलं आणि आठाचा आकडा गिरवायला घेतला.

"सहा," मुलगी रजिस्टरला म्हणाली.

गुरुजींनी खाडाखोड केली. त्यांना आता चव लागली होती. "गाव राजुरा," ते म्हणाले.

मुलीने आजोबांच्या धोतराला हिसका दिला. "आबाजी, यायले काईच मालूम नाई का?"