एर्नेस्टीनच्या व्हरांड्यातले डॉक्टर मेश्राम

डॉक्टर मेश्रामांना मी सहा वर्षं ओळखत होते, पण त्यांना दात दाखवून हसताना पहिल्यांदा पाहिलं ते अमेरिकेतल्या आमच्या नेपरव्हिल गावापासून दोन हजार मैलांवर, कॅरिबियन समुद्रातल्या सेंट थॉमस बेटावर, टेकडीवरच्या एका खाणावळीच्या व्हरांड्यात. अंगात लालभडक शर्ट, त्यावर पिवळे पोपट. कोपऱ्यात तीन माणसं पत्र्याच्या पिंपांपासून केलेली वाद्यं बडवत होती आणि आमचे डॉक्टर एका उंच, भरदार बाईंचा हात धरून नाचत होते. नुसते हात हलवत नव्हते. व्यवस्थित, कंबर हलवत, पायांना ताल असलेलं नाचणं होतं ते.

मी नवऱ्याचा, श्रीकांतचा, दंड इतक्या जोरात धरला की तो ओरडलाच.

"अरे, ते बघ. ते मेश्राम आहेत."

"शक्यच नाही," तो म्हणाला. "ते कॉन्फरन्सला गेलेत."

माझा धक्का कळायचा तर आमच्या गल्लीतले मेश्राम माहीत असायला हवेत. ते श्रीकांतच्याच लॅबमध्ये होते, हुद्द्याने त्याच्या वर. रसायनशास्त्रातले पीएच.डी. आमच्यापासून दोन घरं सोडून राहायचे. मूळचे नागपूरचे, बौद्ध. वडील गिरणीत कामाला होते आणि हा मुलगा शिष्यवृत्त्या मिळवत मिळवत अमेरिकेपर्यंत पोचला होता. बायको लग्नानंतर तीन वर्षांतच नागपूरला वारली, मूलबाळ नव्हतं, पुन्हा लग्न केलं नाही. बारा महिने करडा सूट, हिवाळ्यात त्यावर तपकिरी मफलर. चहात साखर अर्धा चमचा. पार्टीत कोणी बिअरचा ग्लास पुढे केला की हात आडवा करायचे आणि म्हणायचे, "नको. सगळं प्रमाणात असावं." हा शब्द त्यांच्या तोंडी सतत असायचा. बोलणं प्रमाणात, हसणं प्रमाणात. आमची मुलगी मनी लहानपणी त्यांना 'प्रमाणकाका' म्हणायची आणि मी तिला दटावत असे.

बर्फ पडला की मात्र हे प्रमाण कुठे जायचं कोण जाणे. आम्ही उठायच्या आत आमच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ साफ झालेला असायचा. श्रीकांत ओशाळून म्हणायचा, "साहेब, तुम्ही काय हे!" तर म्हणायचे, "हातात फावडं होतंच, अन् तुम्ही झोपले होते. मग काहून थांबायचं?" दर रविवारी दुपारी ते मनीला गणित शिकवायला येत आणि मग आमच्याकडेच जेवत. जेवत फार थोडं. दोन घास भात, चमचाभर वरण. मी म्हणायचे, "अजून घ्या ना." ते म्हणायचे, "पुरे, वहिनी. प्रमाणात."

दर फेब्रुवारीत ते आठवडाभर कॉन्फरन्सला जात. कुठे, ते आम्ही कधी विचारलं नाही.

पंच्याऐंशीच्या फेब्रुवारीत आम्ही दोघं पहिल्यांदाच मनीला सोडून कुठे गेलो. सासूबाई पुण्याहून आलेल्या होत्या, त्या मनीला सांभाळणार होत्या. बाहेर उणे वीस तापमान आणि ट्रॅव्हल एजंटकडे सेंट थॉमसचं चार दिवसांचं स्वस्त पॅकेज होतं. बेट अमेरिकेचंच, म्हणजे व्हिसाची कटकट नाही. गाड्या अमेरिकन, पण चालायच्या पुण्यासारख्या रस्त्याच्या डाव्या बाजूने. पहिल्या संध्याकाळी हॉटेलातल्या मुलीला विचारलं, जेवायला कुठे जावं? ती म्हणाली, बंदरावर टुरिस्ट जातात, तुम्ही पायऱ्या चढून मिस एर्नेस्टीनकडे जा. शंभरेक पायऱ्या चढून धापा टाकत आम्ही वर पोचलो, आणि समोर पोपटांच्या शर्टात मेश्राम.

गाणं संपलं तेव्हा त्यांनी आम्हांला पाहिलं. मला वाटलं, आता त्यांचा चेहरा पडेल. तो पडला नाही. ते तसेच हसत, घाम पुसत आमच्याकडे आले.

"आधी गुड इव्हनिंग म्हणा," ते हळूच म्हणाले. "इथे आत येताना सगळ्यांना म्हणावं लागते. नाही म्हटलं तर माणूस उद्धट ठरतो."

आम्ही म्हटलं. आठ-दहा टेबलांवरच्या माणसांनी ताटातून तोंडं वर करून आम्हांला उत्तर दिलं. मग त्यांनी आम्हांला कठड्याशेजारच्या त्यांच्या टेबलावर बसवलं. खाली बंदरातल्या बोटींवर एकेक दिवा लागत होता. त्यांच्यासमोर रमचा ग्लास होता, अर्धा प्यालेला. माझी नजर तिकडे गेलेली त्यांनी पाहिली.

"आठ वर्षं झाली," ते म्हणाले. "पहिल्या वर्षी खरंच कॉन्फरन्स होती, शेजारच्या बेटावर. रविवारी फिरायला म्हणून इकडे आलो. ही एर्नेस्टीन दारात उभी होती. म्हणाली, एकटा आहेस का? मग स्वयंपाकघराजवळ बस, गप्पा मारता येतील. बस, तेव्हापासून येऊन राहिलो."

"पण साहेब, आम्हांला कधी बोलला नाहीत," श्रीकांत म्हणाला.

"काय बोलायचं? इथे मला कोणी गाव विचारत नाही, आडनाव विचारत नाही. डॉक्टर एम म्हणतात. मासा आवडला का, एवढंच विचारतात."

ज्यांच्याबरोबर ते नाचत होते त्याच एर्नेस्टीनबाई. त्यांनी स्वतः ताटं आणली. तळलेला मासा, रताळी, फुगलेली जाड पुरी, आणि मक्याच्या पिठात भेंडी घालून शिजवलेला मऊ गोळा, ज्याला तिथे फंगी म्हणतात. माझ्या ताटात मासा नव्हता. मी मासे खात नाही हे मेश्रामांनी आम्ही हात धुवायला गेलो तेवढ्यात आत जाऊन सांगितलं होतं. आणि मग ते जेवायला लागले. मी बघत राहिले. पूर्ण मासा, दोन पुऱ्या, फंगी दोनदा मागून घेतली. बोटं चाटली. एर्नेस्टीनबाई जाता जाता त्यांच्या ताटात न विचारता अजून एक रताळं टाकून गेल्या, तेही खाल्लं.

मला गंमत वाटत होती. संध्याकाळची हवा होती, वाद्यं वाजत होती, मी मोकळी झाले होते. मी हसत म्हटलं, "अगदी उघडे पडलात हं आज! आमच्याकडे तर दोन घासांत उठता. माझ्या हाताला एवढी चव नाही का?"

ते थांबले. बोटं रुमालाला पुसली. आवाज अगदी नेहमीचा होता, रागाचा नाही.

"तुमच्या हाताला चव आहे, वहिनी. पण कागदाची ताटली वरणानं लवकर भिजते. म्हणून थोडंच वाढून घेत होतो."

वाद्यं वाजतच होती. मला ती ऐकू येईनाशी झाली.

श्रीकांत म्हणाला, "कागदाची? म्हणजे?"

त्याला खरंच माहीत नव्हतं. रविवारी टीव्हीवर फुटबॉल चालू असे आणि तो मांडीवर ताट घेऊन तिकडे बघत जेवत असे. मेश्राम त्याला म्हणाले, "काही नाही, श्रीकांत. मासा थंड होऊन राहिला."

पण मला माहीत होतं. सहा वर्षांपूर्वी, ते पहिल्यांदा जेवायला आले त्या दिवशी, सासूबाईंनी स्वयंपाकघरात माझ्या हातातलं काचेचं ताट काढून घेतलं होतं आणि पिकनिकच्या पाकिटातली कागदी ताटली माझ्या हातात दिली होती. एक शब्दही बोलल्या नव्हत्या. मीही बोलले नव्हते. पहिल्यांदा मी ती ताटली घेऊन दारातच थांबले होते. दुसऱ्यांदा मी स्वतःला सांगितलं, घरात शांतता राहू दे. तिसऱ्यांदा मी काही सांगितलंही नाही. सासूबाई सहा महिन्यांनी पुण्याला परत गेल्या, आणि पुढच्या रविवारी मी कपाट उघडलं आणि सवयीने हात पाकिटाकडे गेला. त्या घरी असोत वा नसोत, सहा वर्षं तोच हात तिकडेच जात राहिला. आणि समोर बसलेला माणूस ते दर रविवारी पाहत होता.

थोड्या वेळाने ते पुन्हा नाचायला उठले. मी त्या टेबलाशी बसून होते.

हॉटेलवर परतल्यावर श्रीकांतने मला सगळं विचारून घेतलं. सांगून झाल्यावर त्याने बूट काढून पलंगाखाली सरकवले. मग म्हणाला, "उद्या त्यांनी जेवायला बोलावलंय. मी नाही येणार. मला तोंड दाखवता येणार नाही." त्याने भांडण केलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाला मी एकटी त्या पायऱ्या चढले. टेबलं अजून रिकामी होती. मेश्राम स्वयंपाकघराच्या दाराशी बसून भेंड्या चिरत होते. मी उभ्याउभ्याच बोलायला लागले, कारण बसले असते तर बोलता आलं नसतं.

"ते सासूबाईंनी सुरू केलं. पण त्या गेल्यावर मीच करत होते. त्यांचं नाव सांगून मला सुटता येणार नाही."

त्यांनी सुरी खाली ठेवली.

"ते मला दिसत होतं, वहिनी. आजी पुण्याला गेल्या तरी ताटली बदलली नाही. पहिले दोन रविवार मी वाट पाहिली."

"मग तुम्ही येत का राहिलात?"

"मनी हुशार आहे, तिला शिकवायला आवडते. अन् श्रीकांत मनाचा चांगला आहे." भेंड्यांचे देठ बाजूला सारत म्हणाले, "अन् नेपरव्हिलमध्ये रविवार फार मोठा असतो."

मला रडू आलं. ते अस्वस्थ झाले. मी म्हटलं, "मला माफ करा."

त्यांनी मान हलवली. "ते मला आज जमणार नाही. पुढे जमेल का, माहीत नाही. उगाच शब्द देणार नाही मी." मग शेजारची खुर्ची पायाने पुढे सरकवली. "पण तुम्ही एवढ्या पायऱ्या चढून आल्या. बसा. भेंड्या चिरायला मदत करा, मग जेवू."

मी बसले. एर्नेस्टीनबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मेश्रामांकडे पाहिलं, काही न विचारता मला दुसरी सुरी दिली. हळूहळू माणसं जमली, वाद्यवाले आले, कोणाचा तरी वाढदिवस होता, गाणी झाली. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मला नाचायला उठवलं. मला येत नव्हतं, तरी उठले. मेश्राम लांबून ओरडले, "पाय मोजू नका, वहिनी! नुसतं ऐका!" हा माणूस ओरडू शकतो याचाही मला धक्काच बसला.

नेपरव्हिलला परत आल्यावर मी सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्यात वाईट वाटण्यासारखं काय? उलट धुवायला नको." मी त्यांच्याशी भांडले नाही. भांडायला माझी बाजू होती कुठे? पाकीट कचऱ्यात टाकलं, एवढंच.

पुढच्या रविवारी मेश्राम आले. करडा सूट, तपकिरी मफलर. मनीला अपूर्णांक शिकवले. मी टेबलावर सगळ्यांची एकसारखी ताटं मांडली आणि म्हटलं, "चला जेवायला." ते उठले, मफलर गुंडाळला आणि म्हणाले, "आज जेवून आलो."

त्याच्या पुढच्या रविवारीही ते जेवून आले होते. त्याच्याही पुढच्या. दीड वर्ष ते दर रविवारी येत होते आणि दर रविवारी जेवून येत होते. स्वरात कधी कडवटपणा नव्हता. मनीला वाटायचं, काकांना घरीच जेवायला आवडतं. शहाऐंशीच्या शरदात त्यांनी नोकरी सोडली, घर विकलं आणि सेंट थॉमसला एका शाळेत विज्ञान शिकवायला गेले. श्रीकांतने त्यांना विमानतळावर सोडलं, मीही गेले होते. ते म्हणाले, "या कधी संध्याकाळी. एर्नेस्टीनकडे जागा असते." आमच्या घरी ते पुन्हा कधीच जेवले नाहीत.

आम्ही गेलो नाही. जाऊ, जाऊ म्हणत दीड वर्ष गेलं. मग एका दुपारी फोन वाजला. पलीकडे एर्नेस्टीनबाई होत्या. मेश्राम शाळेतून येताना त्या पायऱ्यांवर बसले आणि उठलेच नाहीत. वय एक्कावन्न. त्यांच्या डायरीत अमेरिकेतले दोनच नंबर होते, एक बँकेचा आणि एक आमचा. मी रिसीव्हर धरून स्वयंपाकघराच्या फरशीवर बसले. मनी विचारत राहिली, "मम्मी, व्हॉट हॅपन्ड? मम्मी?"

आम्ही तिघंही गेलो. त्यांच्या भावाला नागपूरहून वेळेत येता आलं नाही. संध्याकाळी एर्नेस्टीनबाईंच्या व्हरांड्यात सगळे जमले होते. टेबलं हलवून खुर्च्यांच्या रांगा लावल्या होत्या. शाळेची मुलं, कोळी, वाद्यवाले, दुकानदार. साठ-सत्तर माणसं तरी असतील. नेपरव्हिलमध्ये त्यांच्यासाठी एवढी माणसं मला गोळा करता आली नसती. आम्ही शेवटच्या रांगेमागे भिंतीला टेकून उभे राहिलो.

एर्नेस्टीनबाई आमच्यापर्यंत आल्या. डोळे सुजलेले होते. त्यांनी मला ओळखलं.

"तुम्ही त्यांची माणसं ना?" त्यांनी विचारलं.

श्रीकांतने माझ्याकडे पाहिलं. 'हो' म्हणणं सोपं होतं. मला ते म्हणता येईना.

"आम्ही त्यांचे शेजारी होतो," मी म्हटलं.

बाईंनी क्षणभर माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्यांना किती माहीत होतं, ते मला आजही ठाऊक नाही.

"शेजारी," त्या म्हणाल्या. "मग मागे का उभ्या? पुढे या." आणि माझा हात धरून त्यांनी मला सगळ्यांच्या देखत पहिल्या रांगेत नेऊन बसवलं.