पाचव्या माळेची जागा

मानसोपचाराचं शिक्षण घ्यायचं मी ठरवलं तेव्हा बाबा एवढंच म्हणाले होते, "इतकी शिकून शेवटी वेड्यांची डॉक्टर होणार?" त्यानंतर त्यांनी तो विषय कधी काढला नाही, आणि मीही हट्टाने घरी जाणं कमी केलं. नगर जिल्ह्यात नेमणूक मिळाली, भिंगारला दुसऱ्या मजल्यावर एक खोली मिळाली, डबा लावला. आठवड्यातले चार दिवस आमचं पथक तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयांत फिरायचं. दिवसभर लोकांची दुःखं ऐकायची आणि संध्याकाळी खोलीवर येऊन कुणाशी काही बोलायचं नाही, असं चाललं होतं. रविवारी तर माझा स्वतःचा आवाजही मला ऐकू यायचा नाही. दुसऱ्यांना "एकटं राहू नका, माणसांत मिसळा" असं सांगणारी मी, कुलूप उघडताना हात जड व्हायचे माझे.

पथकातही माझं कुणाशी जमत नव्हतं, आणि यात दोष माझाच होता. स्वभाव तिरसट. आमच्या सिस्टर पन्नाशीच्या, पाथर्डीकडच्या. गावोगावची माणसं त्यांना नावानिशी माहीत. कुणाच्या घरी काय शिजतं, कुणी कुठला नवस बोललाय, हे त्या पेशंट आत यायच्या आधीच सांगायच्या. मला ते आवडायचं नाही. एकदा सगळ्यांसमोर मी ताडकन बोलले, "सिस्टर, आपण दवाखान्यात बसलोय, देवळात नाही." त्या दिवसापासून त्या फक्त विचारलं तेवढंच बोलायच्या. मला वाटलं, बरं झालं, वेळ वाचला.

देवाधर्माशी माझं वाकडं नव्हतं, पण देणंघेणंही नव्हतं. उदबत्ती लावणाऱ्यांचा हेवा वाटायचा कधीकधी, इतकंच.

नवरात्राच्या पाचव्या माळेला, शनिवारी, मी हे सगळं सोडून जायला निघाले होते. पुण्यात एका खासगी हॉस्पिटलात मुलाखत होती. तिथे गार केबिन, ठरलेल्या वेळा, आणि कुणाबरोबर मिळूनमिसळून काम करायची कटकट नाही. स्टँडवर आले तर पुण्याची गाडीच येईना. निम्म्या गाड्या देवीच्या गडावरच्या यात्रेला सोडल्या होत्या. दीड तास उभी राहिले. माझी चिडचिड शिगेला पोचली होती, तेवढ्यात शेजारी उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या बाईने हाक मारली, "बेटा, जरा हात लाव गं." ती बांगडीवाली होती, भिंगारच्या बाजारात बसणारी. यात्रेत बांगड्या भरायला निघाली होती. तिची पेटी उचलून मी यात्रेच्या गाडीत चढवली, आणि मागून बायकांचा असा लोंढा आला की मी आतच अडकले. कंडक्टरने घंटी मारली. "अहो, मला उतरायचंय," मी म्हणाले. खरं सांगते, फार जोरात नाही म्हणाले. म्हातारी सरकून बसली आणि म्हणाली, "बस बेटा. आता निघालीस तर चल. एकटी तर दिसतीस." पुण्याची वेळ तशीही टळलीच होती. मी बसले.

या भागात नवरात्रात बायका गडावर "घटी बसतात". घट बसल्यापासून उठेपर्यंत नऊ दिवस त्या देवळातच राहायचं, गड उतरायचा नाही. शेकडो बायका असतात. प्रत्येकीची एक सतरंजी, एक पिशवी, देवीसमोरची एक ठरलेली जागा. मी हे ऐकून होते, पाहिलं कधी नव्हतं. म्हातारीची पेटी घेऊन तिच्यामागून मी बायकांच्या मोठ्या सभामंडपात शिरले तर एका खांबापाशी गर्दी जमलेली. मधे एक बाई बसली होती, तिचे दोन्ही हात थडथडा उडत होते, मान लटपटत होती. बायका तिला हळदकुंकू लावत होत्या, ओटी भरत होत्या, पायावर डोकं ठेवत होत्या. "लई कडक हाय आई. सकाळपासनं अंगात हाय," एकजण मला म्हणाली.

मी लांबच उभी राहिले. मनात म्हटलं, चला, इथेही आपलंच गिऱ्हाईक. असा माझा उर्मटपणा! तोंड मला दिसतही नव्हतं. कुणीतरी म्हणालं, आईला हिरवा चुडा भरा, आणि म्हातारी पुढे सरकली. तिने त्या बाईचा हात हातात घेतला, दाबला, पुन्हा दाबला, आणि तशीच थांबली. मग वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "तीस वर्सं झाली, बायांचे हात धरते मी. अंगात आलेल्या बायांचे बी भरलेत. त्यो हात कडक ऱ्हातो, गरम ऱ्हातो. ह्यो हात तसा न्हाई गं. ह्या हातात जोरच न्हाई. ही पोरगी आजारी हाय."

तेव्हा मी पुढे झाले. आणि पाहिलं तर ती कांता होती. माझी पेशंट.

दोन वर्षांपूर्वी कांताला तिच्या नवऱ्याने दोरीने बांधून आणली होती. तिला लिथियमची गोळी लागू पडली आणि बाई माणसांत आली. शेत बघायला लागली, पोरीची शाळा बघायला लागली. नवरात्राच्या आधी ती येऊन म्हणाली होती, "म्याडम, महिन्याच्या गोळ्या एकदम द्या, मला यायला जमनार न्हाई." का जमणार नाही, हे मी विचारलं नाही. मान खाली घालून लिहिलं, आणि दटावून सांगितलं, "एकही गोळी चुकवायची नाही." तिनं माझं अक्षरशः ऐकलं. शेजारच्या बायकांकडून कळलं, बरी झाले तर अळणी घटी बसेन असा तिचा नवस होता. पाच दिवस तोंडात मिठाचा कण नव्हता, उन्हात पाणीही बेताचं, आणि गोळी मात्र वेळच्या वेळी. शरीरातलं मीठ आणि पाणी घटलं की लिथियम बाहेर पडत नाही, रक्तात साचत जातं, आणि त्याचं विष होतं. हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही पाठ असतं. मलाही पाठ होतं. फक्त "उपवास करता का, अळणी करता का," एवढा एक प्रश्न मी दोन वर्षांत विचारला नव्हता. उत्तर ऐकायला लागलं असतं ना!

तिची जीभ जड झाली होती, सकाळपासून दोनदा उलटी झाली होती. ताबडतोब नगरला न्यायला हवं होतं. आरोग्य पथकाचा तंबू पायथ्याशी होता, तिथे धावत गेले, तर तंबूत यात्रेच्या ड्यूटीवर आमच्या सिस्टर. मी धापा टाकत सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. "ती घटी बसणार हे मला माहीत होतं मॅडम," त्या म्हणाल्या. "मिठाचं मला कुठं ठाऊक? मी बोलणारच होते. पण…" अर्धं त्यांना माहीत होतं, अर्धं मला, आणि मधे माझं ते वाक्य पडलेलं होतं.

सिस्टर माझ्याबरोबर वर आल्या, अँब्युलन्सही आली, पण कांता खांबाला मिठी मारून बसली. जड जिभेने एकच म्हणत होती, "घट उठल्याबिगर मी उठनार न्हाई." बायकाही अडून बसल्या. मी समजावलं, ओरडले, शेवटी हात जोडले. म्हातारी सगळं बघत होती. ती म्हणाली, "तिची जागा कुनीतरी धरा की. मंग जाईल ती." एक वयस्क बाई, जिचा तिथे मान होता, म्हणाली, "चालंल. पन घट उठंस्तवर तिनं गड उतरायचा न्हाई." कांताने मान वर केली आणि हलत्या हाताने माझ्याकडे बोट केलं. "ह्या बसत्याल तर जाते."

मी? माझी पेशंट मरणाच्या दारात, माझ्या चुकीने, आणि मी इथे सतरंजीवर बसू? मला तिच्याबरोबर जायचं होतं. सिस्टरांनी माझा दंड धरला. "मॅडम, मी जाते. तिथल्या डॉक्टरांना सगळं नीट सांगते, काय ते चिठ्ठीवर लिहून द्या. तिथं तुमच्यावाचून अडणार नाही. इथं अडलंय." इतकं खरं मला कधी कुणी तोंडावर सांगितलं नव्हतं. मी चिठ्ठी लिहिली, चपला काढल्या आणि कांताच्या सतरंजीवर बसले. तिने खांब सोडला.

त्या दुपारइतकी एकटी मी कधीच नव्हते, भिंगारच्या खोलीतही नाही. चारी बाजूंना बायका, आणि मी त्यांची कुणीच नाही. गर्दीमुळे मोबाईल लागेना. एकदाच सिस्टरांचा फोन आला, "ॲडमिट केलंय, किडनीचं जरा…" आणि कट झाला. त्यानंतर काही नाही. उठून खाली पळत जावं असं शंभरदा वाटलं. पण मी तिला शब्द दिला होता, आणि डॉक्टर म्हणून आता तिच्यासाठी करण्यासारखं माझ्या हातात काही उरलं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणासाठी नुसती बसले होते. आरती सुरू झाली तेव्हा सगळ्या उभ्या राहिल्या, मीही राहिले, आणि मला हुंदका फुटला. मागायला शब्दसुद्धा सुचेनात. "आई, मला काही येत नाही गं. मी सगळं चुकवलं. ती जगू दे," एवढंच म्हणत राहिले. शेजारच्या बाईने न विचारता माझ्या पाठीवर हात ठेवला. देवी बोलली नाही, दिवाही हलला नाही. पण तो हात आरती संपेपर्यंत तिथेच होता, आणि माझ्यातलं काहीतरी सैल झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर अनवाणी गड चढून आल्या. घामाने डबडबलेल्या. लांबूनच ओरडल्या, "मॅडम! लघवी सुटली! नीट बोलतेय, पोरीची चौकशी करतेय!" साऱ्या बायका बघायला लागल्या. माणसाला लघवीच्या बातमीने इतका आनंद होऊ शकतो हे मला तेव्हा कळलं. मी त्यांच्या गळ्यात पडले आणि तिथल्या तिथे माफी मागितली. "असू द्या हो," त्या म्हणाल्या, "आधी काहीतरी खा, तोंड बघा कसं झालंय." पण मी तोपर्यंत कांताच्या जागी घटी बसलेली बाई होते, तिचा नवस अळणी, म्हणून मीठ मला चालणार नव्हतं. मग त्यांनी दूध-केळं आणून दिलं आणि समोर बसून राहिल्या.

राहिलेले दिवस मी रजा टाकून पुरे केले. बायका बोलायला लागल्या. एक म्हणाली, वर्षात हे नऊच दिवस असे असतात की मला कुणी भाकरी कर म्हणत नाही. दुसरी काहीच बोलायची नाही, नुसती माझ्या शेजारी येऊन वाती वळत बसायची. मी कुणाचं निदान केलं नाही. पुण्याचा विचार कधी गेला ते कळलंही नाही.

नंतर भिंगारच्या बाजारात मी त्या म्हातारीला शोधून काढलं. पाया पडायला वाकले तर तिने मला उठवून समोर बसवलं. तिच्या लेखी त्यात विशेष काही नव्हतं. "अल्लानं मला हात बघायची अक्कल दिली, मी हात बघितला," म्हणाली, आणि माझा हात ओढून बांगड्या भरायला लागली. मी अवघडले होते. "हात ढिला सोड बेटा. आवळून धरला की बांगडी बी फुटती आन् हात बी कापतो." मी हात तिच्या हवाली केला. मनातल्या मनात देवीला म्हटलं, तुझ्या दारी मला नेणारीही तूच, आई, आणि कुठल्या हाताने न्यायचं हे ठरवणारीही तूच. मी उगाच सगळी गाडी आपणच ओढतोय असं समजत होते.

महिन्याभराने कांता ओपीडीत आली. बारीक झाली होती, पण हात स्थिर होते. मी सिस्टरांसमोरच तिला सांगितलं, "कांताबाई, चूक माझी होती. मी विचारायला हवं होतं." तिने पिशवी मांडीवर ओढून घेतली. मग म्हणाली, "म्याडम, खरं सांगू का? त्या दिशी जलमात पैल्यांदा बाया माझ्या पाया पडल्या. गावात मला येडी म्हनत्यात. आन् तुमी आलात आन् म्हनलात, गोळी चढलीया. लई वाईट वाटलं मला." मी खुर्ची तिच्याजवळ ओढली.

तिने डोळे पुसले. "पन माझ्यासाठी आजवर कुनी जागा धरली न्हवती," ती म्हणाली. "तुमी धरलीत. नवस पुरा झाला. आता त्याच गोळ्या द्यायच्या आसल्या तर द्या, डॉक्टरीनबाई. पुढल्या साली मी परत बसनार हाय. मी आईला सांगूनशान आलेय, नऊ दिस तुजे, पन मीठ डॉक्टरीनबाईचं."

मला काही लिहिता येईना. सिस्टरांनी दार जरा लोटून घेतलं आणि बाहेरच्या पेशंटला थांबायला सांगितलं.