स्वर्गात धरलेली जागा

मुलांना स्वर्ग समजावून सांगायचं काम आमच्या मंडळीत नेहमी माझ्याच गळ्यात पडतं, कारण ते फुकटचं असतं. धुळ्यातल्या आमच्या चर्चमध्ये मी वीस वर्षं संडे स्कूल घेते. तीन वर्षांपूर्वी पुण्याहून एक साहेब आम्हा शिक्षकांना शिकवायला आले. दोन दिवस एसी लावलेल्या हॉलमध्ये बोलले आणि जाताना रंगीत पुस्तकं वाटून गेले. धड्याचं नाव होतं ‘आपण स्वर्गाचे नागरिक’. चित्रात विमानतळ, एक गोरा मुलगा आणि त्याच्या हातात पासपोर्ट. मुलांकडून पुठ्ठ्याचा पासपोर्ट करून घ्यायचा, वर शिक्का मारायचा, की मुलं स्वर्गाची झाली! उंटावरून शेळ्या हाकायला जातं काय? माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांचे आईबाप साक्री-पिंपळनेरकडून बांधकामावर आलेले. त्या पोरांना पासपोर्ट म्हणजे फोटोची साइज, एवढंच ठाऊक.

मी पुस्तक मिटलं आणि विचारलं, “एसटीत जागा कशी धरता रे?”

“रुमाल टाकीसन!” सगळी एका सुरात ओरडली. धुळे स्टँडवर अमळनेरची गाडी थांबायच्या आत खिडक्यांतून रुमाल, पिशव्या, वेळ आली तर चप्पलसुद्धा आत जाते. हे त्यांना मी शिकवायची गरज नव्हती.

“मग येशूनं तेच केलंय,” मी म्हणाले. “तो पुढे गेला आणि तुमच्या नावानं रुमाल टाकून बसलाय. इथं कुणी काही म्हणो, तिथली जागा तुमची. ती कुणी घेऊ शकत नाही.” पोरं खूश झाली. मी त्यांच्याहून जास्त खूश झाले. पुण्याच्या साहेबांनी माझ्याकडे शिकवणी लावायला हवी, असं मी घरी जेवताना दोनदा बोलून दाखवलं.

आमच्या चर्चमध्ये पंख्याखालचे पुढचे बाक जुन्या घराण्यांचे आहेत. कुठे नावं लिहिलेली नाहीत, पण कुणाचा बाक कुठला हे सगळ्यांना पाठ असतं. नंतर आलेली माणसं मागे, दाराजवळ, चपलांच्या शेजारी सतरंजीवर बसतात. देवाच्या घरातसुद्धा पंखा बघून बसणाऱ्या या माणसांची मला फार चीड. ती चीडही मला पंख्याखालीच बसून यायची. आमचा बाक डावीकडून दुसरा.

पुढच्या रविवारी सासूबाईंना घेऊन मी आत गेले, तर आमच्या बाकावर एक गुलाबी रुमाल. धुतलेला, चौकोनी घडी घातलेला. शेजारी माझ्या वर्गातली नऊ वर्षांची पोर उभी, केसांना चपचपीत तेल लावून. तिचा बाप देवपूरकडे एका अर्धवट इमारतीवर राखणदार आहे. ती सकाळी सातलाच येऊन बसली होती.

“बाई, आठे मना रुमाल शे,” ती म्हणाली. एसटीत बोलतात तशी, हक्कानं.

बाकावर पाच माणसं बसतात. आम्ही त्या दिवशी दोघीच होतो. सासूबाईंनी दोन बोटांच्या चिमटीत तो रुमाल उचलला, मेलेली पाल उचलावी तसा, आणि माझ्या हातात दिला. विद्यार्थिनी माझी होती ना! मागच्या बाकावरच्या बाया खोकल्या. पाळकांनी बघितलं आणि लगेच आपल्या पुस्तकात काहीतरी शोधायला लागले. आणि मी, जी आठवडाभर पुण्याच्या साहेबांना हसत होते, मी काय केलं? मी गोड आवाजात म्हणाले, “बाळा, तुझी आई मागे एकटीच बसलीय ना? जा तिच्याजवळ.” हा गोड आवाज मला चांगला ओळखता येतो. पुढच्या बाकावरच्या लोकांना तो जन्मतःच मिळतो. लाज वाटली, पण जागेवरून उठावं इतकी नाही.

पोर रुमाल घेऊन मागे गेली. उपासना वेळेवर सुरू झाली.

मला वाटलं होतं, आता ही उपासनेनंतर वर्गाला येणार नाही. पण आली, आणि नेहमीच्या जागी बसली. मीच घाईघाईनं बोलायला लागले, “स्वर्गात असं होत नाही हं. तिथं कुणी कुणाला उठवत नाही.”

ती रागावलेली नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. “तुमले कशे माहीत बाई?” तिनं विचारलं. “तुमले कधी कोनी उठाडं का?”

सगळा वर्ग माझ्याकडे बघायला लागला. मी आठवून बघितलं. चर्चमध्ये नाही, शाळेत नाही, कुणाच्या लग्नाच्या पंगतीत नाही.

“नाही,” मी म्हणाले.

तिनं मान हलवली आणि बाकीच्या पोरांकडे वळून सांगितलं, “बाईले माहीत नही.”